सतरा काळटोपे

ओडेटला माझ्या गटात कुणी घातलं, म्हणून मी सकाळपासून तीनदा वैतागले होते. गटांच्या याद्या दरवर्षी मीच करते, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

नदीकाठची मोजणी मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी असते. जुन्या काळी कालव्यातल्या होड्या ओढत खेचरं ज्या वाटेने चालायची, तीच आता आमची फिरायची वाट आहे. हार्टविकच्या बंधाऱ्यापासून रेल्वेच्या जुन्या पुलापर्यंत चार मैल. हे चार मैल एकोणतीस वर्षं माझ्याकडे आहेत. दक्षिणेकडून येणारे पक्षी रात्रभर उडून पहाटे मॉमी नदीच्या या झाडांत उतरतात, दोन-चार दिवस खाऊन घेतात आणि वारा मिळाला की कॅनडाच्या रस्त्याला लागतात. जो दिसेल, जो ऐकू येईल, तो मोजायचा आणि तक्त्यात लिहायचा, एवढंच काम. पण एवढ्याशा कामावरूनही माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात. माझी सख्खी बहीण माझ्याशी दोन वर्षं बोललेली नाही.

त्याला कारण काळटोपा. हा वटवट्यांच्या जातीतला पक्षी, वजनाला तीन चमचे साखरेइतका, डोक्यावर काळी टोपी, गाल पांढरे. आमच्या नदीवर तो सगळ्यांच्या शेवटी पोचतो, आणि तोवर झाडं पानांनी गच्च भरलेली असतात. शेंड्यावर बसून ओरडतो आणि दिसत नाही. त्यामुळे तो कानांनीच मोजावा लागतो, आणि या चार मैलांवर कान म्हणजे मी. पहिल्या वर्षी मला बावीस मिळाले होते. पुढेही बरीच वर्षं वीसच्या आसपास. मग पंधरा, मग नऊ, मग चार, मग एक.

आठ वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या सॉफ्टबॉलच्या मैदानावर नवे दिवे लागले. सहा उंच खांब आणि रात्री अकरापर्यंत लख्ख उजेड. रात्री उडणारे पक्षी अशा उजेडाने चकतात, हे काही मी मनाने रचलेलं नाही, ते खरंच आहे. मी आकड्यांचा आलेख काढला, दिवे लागले त्या वर्षावर लाल रेघ मारली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये नगरसभेत तो भिंतीला लावला. रेघेच्या डावीकडे सपाट जमीन, उजवीकडे थेट घसरगुंडी. सभेने ठरवलं, तीन मे महिने दिवे लावायचे नाहीत, पक्षी परततात का बघायचं.

मैदान जनेलचं, म्हणजे माझ्या बहिणीचं. तिच्या मालकीचं नाही, पण तिथला बायकांचा सॉफ्टबॉल तिने उभा केला. अकरा संघ होते. दिवसभर कारखान्यात, दवाखान्यात, शाळेच्या स्वयंपाकघरात राबून आठ वाजता बॅट घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका. जूनमध्ये शाळा सुटली की निम्म्या जणी पोरांच्या मागे अडकतात, त्यामुळे मे हाच त्यांचा खरा महिना. सभेत जनेल उठून म्हणाली होती, "आर्डी, या बायकांना आठवड्यातले तेवढेच दोन तास स्वतःचे मिळतात." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "संघ पुन्हा जमवता येतात. पक्षी जमवता येत नाहीत." टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत जनेल निघून गेली. अकरापैकी आता चार संघ उरले आहेत.

दिवे बंद झाल्यावरचे दोन्ही मे महिने काळटोप्याच्या रकान्यात शून्य. "वेळ लागतो," असं मी सगळ्यांना सांगत राहिले. आजचा हा तिसरा मे, आणि येत्या सोमवारी सभा कायमचा निर्णय घेणार होती. आज चार-पाच जरी मिळाले, तरी माझं खरं आणि दिवे कायमचे बंद. पुन्हा शून्य आलं, तर एका बहिरट म्हातारीच्या हट्टापायी सात संघ गेले असं लोक म्हणणार. 'बहिरट' हा शब्द मी सहज वापरला, त्या सकाळी तो माझ्या डोक्यातही नव्हता.

रात्री वारा दक्षिणेचा होता. मी चारदा उठून अंगणात जाऊन बघितलं. सहाच्या आत मी बंधाऱ्यावर पोचले, दोनदा पेन्सिलीला टोक केलं, दोनदा तक्ता उलटासुलटा करून बघितला. शाळेची बस चालवत होते एकतीस वर्षं, तेव्हा एखादं पोर वेळेवर फाटकाशी दिसलं नाही की अशीच बोटं नाचायची.

व्हर्लिनला मीच घरून गाडीतून घेऊन आले होते. व्हर्लिन स्टकी, वय एकोणऐंशी, जुना पोस्टमन. गाडी चालवायचं त्याने सोडलं आहे. त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. त्यांनी माणसं ऐकू येतात, पक्षी येत नाहीत. डोळे मात्र घारीचे. आमची वाटणी ठरलेली आहे, कान माझे, डोळे त्याचे.

"तुझी नवी बाई आली," तो डोनटचा खोका मांडीवर सावरत म्हणाला.

ओडेट साबा हिवाळ्यात टोलेडोहून इकडे राहायला आली. वय असेल अडतीस. दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात घासून द्यायचं काम करते. नवीन बूट, नवीन दुर्बीण, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला आधीच थकवा आला.

"रात्री झोपच आली नाही मला," ती म्हणाली. "तुम्हाला?"

"मी गाढ झोपते," मी म्हणाले.

पहिल्या अर्ध्या मैलात सगळं रोजचं. नारिंगी हळद्या तीन, पिवळे वटवटे सात, बंधाऱ्याखाली राखी बगळा एक. लाकडी पुलाशी कस्तूर गात होता, तो लिहिला. पेन्सिल चालत होती, पण जीव लागत नव्हता. दर पाच पावलांनी मी थांबून शेंड्यांकडे कान लावत होते.

सिकमोरच्या झाडांच्या पहिल्या झुबक्याखाली ओडेट थबकली आणि तिने बोट वर केलं. "काळटोपा."

मी पेन्सिल सरसावली. "कुठे?"

"वर. त्या पांढऱ्या फांदीच्या मागे. आता... आता पुन्हा."

मी श्वास रोखून ऐकलं. नदी ऐकू आली, लांबचा ट्रक ऐकू आला, हळद्या ऐकू आला. "मला तर काही नाही ऐकू आलं."

"थांबला आता. नाही, हा बघा परत."

"किडा असेल."

"मेमध्ये? इतक्या लवकर किडे ओरडतात?" ती म्हणाली. उद्धटपणे नव्हे, खरंच विचारल्यासारखं. तेच मला जास्त झोंबलं.

मी लिहिलं नाही. असे लोक मी खूप पाहिले आहेत. मोजणीत पहिल्यांदा येतात आणि जे ऐकावंसं वाटतं ते त्यांना ऐकू येतं. त्यांच्यासाठीच मी नियम केला आहे: गेल्या पाच वर्षांच्या आकड्यांशी न जुळणारा आकडा असेल, तर दुसऱ्या एका माणसाने तो स्वतः ऐकून तक्त्यावर सही करायची. या नियमाने मी किती जणांची तोंडं बंद केली आहेत, आणि मला ते आवडतं हेही सांगून टाकते.

पुढच्या वळणावर ओडेट पुन्हा थांबली. "दुसरा." मग शंभर पावलांवर, "तिसरा. आणि हा त्याला उत्तर देतोय तो चौथा." मी चालण्याचा वेग वाढवला. व्हर्लिन मागे पडला, त्याने हाक मारली, मी थांबले नाही. मला राग कशाचा येत होता तेच कळत नव्हतं. मला हवा होता तोच पक्षी ही बाई मला देत होती आणि मी तिच्यापासून पळत होते.

"ओडेट," मी वळून म्हणाले, "दिवसभर ते दात कोरायचं यंत्र किरकिरतं ना तुझ्या कानाशी? तेच राहिलं असेल कानात."

ती हसली. "असेलही. पण यंत्र झाड बदलत नाही, आर्डिथ. हा आता डावीकडे गेला."

तेवढ्यात व्हर्लिन पाठीमागून येऊन माझ्या खांद्याशी उभा राहिला. तो ओडेटच्या बोटाच्या रेषेत बघत होता. इतकी वर्षं तो माझ्या बोटाच्या रेषेत बघत आलाय. "दिसला," तो म्हणाला. "दुसरी फांदी, तुटक्या ढलपीच्या वर. टोपी, पांढरा गाल. आर्डी, काळटोपाच आहे."

मी दुर्बीण लावली. होता. सकाळचं ऊन अंगावर, तीस फुटांवर सुद्धा नसेल. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी झुरले तो समोर. तो फांदीवर बूड टेकून नीट बसला, मान मागे टाकली, आणि चोच उघडली. चोचीच्या आतलं मला दिसत होतं. गळा थरथरत होता, पांढरी पिसं हलत होती, सगळं अंग त्या ओरडण्याने हादरत होतं. आणि आवाज नव्हता. काहीच नव्हतं. मागे हळद्या शीळ घालत होता, ती स्वच्छ ऐकू येत होती. काळटोप्याने चोच मिटली, पुन्हा मान टाकली, पुन्हा उघडली.

"किती जवळ आहे," ओडेट कुजबुजली, आणि तिची कुजबुजही मला ऐकू आली.

मी दुर्बीण खाली घेतली. पेन्सिल शोधल्यासारखं केलं.

"लिहा ना," ओडेट म्हणाली. "चार झाले. परत आले ते. तुमच्यामुळे आले. सगळं गाव सांगतं मला, आर्डिथ रप्पने पक्ष्यांसाठी दिवे बंद करायला लावले. मला वाटलं नव्हतं मला आजच हे बघायला मिळेल."

मी चार लिहिले. पुढे पाच, सहा, नऊ लिहिले. ती बोट वर करायची आणि मी लिहायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या कानांवर लिहीत होते. आणि खोटं कशाला बोलू, एक मैलभर मला आनंदही झाला. सोमवारी मी उभी राहणार, आलेख भिंतीला लावणार: दिवे लागले, पक्षी गेले, दिवे विझले, पक्षी आले. यापेक्षा सरळ गोष्ट कुणाला हवी? आकडा खरा होता. कुणाला फसवायचं नव्हतं. फक्त एक वाक्य सांगायचं नव्हतं, की यातला एकही मला ऐकू आलेला नाही.

जुन्या पुलाच्या अलीकडे एक बाक आहे. तिथे आकडा सतरावर गेला. ओडेट पाण्याच्या कडेला गेली होती. व्हर्लिनने खोका उघडून माझ्यापुढे डोनट धरला. मी घेतला नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"आर्डी, मी बहिरा आहे, आंधळा नाही. मघाशी तो तुझ्या तोंडासमोर ओरडत होता, आणि तू माझ्याकडे बघितलंस तसं मी माझ्या बायकोकडे बघितलं होतं. मला त्या बारक्या राजमुकुट्या पक्ष्याचं ओरडणं ऐकू यायचं थांबलं तेव्हा मी दोन हिवाळे सगळ्यांना सांगत हिंडलो, राजमुकुटे संपले म्हणून. बायको म्हणाली, तुझ्या डोक्यावरच बसलाय गाढवा."

"माझी तपासणी व्हायची. बस चालवायला परवाना लागतो."

"ते पाच फुटांवरून कुजबुजतात तेवढंच ना? काळटोपा काय इंग्रजीत कुजबुजतो?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. एकतीस वर्षं डिझेलचं इंजिन मांडीशी घेऊन बसले होते मी. कान एका रात्रीत जात नाहीत. वरची एक पट्टी जाते, मग तिच्या खालची. बाकी सगळं तसंच असतं, त्यामुळे काय गेलं ते कळत नाही. मला वाटलं झाडं गप्प झाली.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"तीन वर्षं. शंका होती. बारक्या आवाजाचे पक्षी तू बघूनच सांगायला लागली होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने डोनटचा तुकडा तोडला, खाल्ला नाही. "भ्यालो. तू हे सोडलंस तर मला नदीवर कोण आणणार? आणि दिवे वाईट असतातच, म्हटलं, खरं असेल. अजूनही असेल. कदाचित खरंच गेले होते आणि आता आले. तुला काय ठाऊक? झाकली मूठ सव्वा लाखाची, आर्डी. सही तर कुणीही करेल. वाहनतळावर दुसरा गट पोचला असेल, त्यांच्यातला एखादा पाच मिनिटं येऊन ऐकेल. आकडा खोटा नाही."

आकडा खोटा नव्हताच. खोटी होती ती लाल रेघ, आणि तीही कदाचित. हे 'कदाचित' मला बसू देईना. मी उठले, बसले, पुन्हा उठले. ते पक्षी गेले होते की नव्हते? माझ्या कागदांत उत्तर नव्हतं. उत्तर फक्त एका माणसाकडे असू शकत होतं, जो दिवे लागायच्या आधीपासून, आणि लागल्यावरही, दर मे महिन्यात या काठावर उभा होता आणि ज्याचे कान धड होते. पुलाच्या पलीकडून चुना टाकायच्या गाडीची खडखड येत होती. शनिवारी दुपारचा एक सामना असतो, जनेल सकाळीच रेषा मारायला येते.

"ओडेट," मी हाक मारली, "चल. सही घ्यायचीय."

"वाहनतळ इकडे आहे ना?"

"माहितेय मला कुठे आहे ते."

पूल दोनशे पावलांचा. जनेलला पाळण्यातून उतरवून चालायला मी शिकवलं आहे. आई टोमॅटोच्या कारखान्यात रात्रपाळीला, मी चौदा वर्षांची, ती तान्ही. तिला खांद्यावर घेऊन मी याच पुलावर येरझाऱ्या घालायचे, तिला पक्षी ऐकवायचे आणि ती झोपायची. सहा वर्षांची झाली तेव्हा तिने स्पष्ट सांगितलं, मला पक्षी नको, चेंडू पाहिजे.

ती तिसऱ्या बेसच्या रेषेवर होती. चोपन्न वर्षांची, टोपी उलटी, गुडघ्यापर्यंत चुना. मला बघून तिने गाडी थांबवली नाही. रेघ पुरी केली, मगच वळली.

"मे महिन्यात दिवे लावलेले नाहीत," ती म्हणाली. "बघून घे. खांबही मोज हवं तर, मोजायची सवय आहे तुला."

"मला तुझे कान पाहिजेत," मी म्हणाले.

"काय?"

"दोन मिनिटं उभी राहा आणि काय काय ऐकू येतं ते सांग. मी काही सुचवणार नाही. ही ओडेट, ही पण गप्प बसेल."

जनेलने ओडेटकडे बघितलं, मग व्हर्लिनकडे. तो पुलाच्या कठड्याला टेकून आमच्याकडे बघत होता. "हे काय नवीन?"

"जनेल, ऐक ना गं."

मी 'गं' म्हणून बोलायचे तिच्याशी, फार पूर्वी. तिने चुन्याच्या गाडीचा दांडा सोडला, हात पँटला पुसले आणि डोळे मिटले. लहानपणी मी तिला तसंच शिकवलं होतं.

"नदी," ती म्हणाली. "हायवे. तो लाल पक्षी, कुंपणावरचा. तुझ्या नाकातून श्वासाची शिट्टी. ती हळद्याची शीळ. आणि ते चिक्-चिक्-चिक् बारीक, मधे वाढतं आणि परत कमी होतं. ते तिथे." डोळे न उघडता तिने कुंपणामागच्या सिकमोरकडे बोट केलं. "अजून एक तिकडे, पाण्यावर."

ओडेटने मान हलवली. तिचे डोळे चमकत होते. मला त्या झाडातून काहीही येत नव्हतं.

"हे दोन कधीपासून?" मी विचारलं.

"आठवडाभर असेल."

"तसं नाही. कुठल्या वर्षापासून? मागच्या वर्षी होते?"

"दरवर्षी असतात." तिने डोळे उघडले. "हे तर आमच्या डोक्यावरच असतं. तिसऱ्या बेसवाल्या पोरी म्हणायच्या, कुणाच्या तरी सायकलला तेल नाहीये."

"दिवे लागायचे तेव्हा?"

"तेव्हा पण. आठचा सामना असायचा, साडेसातला दिवे पेटवून आम्ही हात मोकळे करायचो, तेव्हा जास्तच. का?"

मला बसावंसं वाटलं, पण बसायला फक्त ताजी रेघ होती. अख्खी सभा, तो आलेख, ती लाल रेघ, त्या टाळ्या, सात संघ. ज्या पक्ष्यासाठी मी हे सगळं केलं, तो त्या उजेडातही या बायकांच्या डोक्यावर ओरडत होता आणि त्यांना ऐकू येत होता. ऐकू येत नव्हतं ते मला.

"आर्डी?" जनेल म्हणाली. "बरं वाटत नाहीये का तुला?"

"तोच काळटोपा," मी म्हणाले. "मला ऐकू येत नाही तो. आत्ताही येत नाहीये. बहुतेक सात-आठ वर्षं नीट येत नाहीये."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा लाल झाला, चुन्याच्या डागांच्या मधून. ती ओरडेल असं मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. "नाचता येईना अंगण वाकडं," ती हळूच म्हणाली. "आणि अंगण माझं होतं."

"हो."

"डोना आता बॉलिंग ग्रीन गावाला जाते खेळायला, चाळीस मैल. बाकीच्या कुठेच जात नाहीत. टीव्ही बघतात."

"तू त्या सभेत का नाही सांगितलंस? की ते ओरडतात म्हणून?"

"मला काय माहीत ते कोण ते? मला त्या चिकचिक करणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं. तू विचारलं असतंस तर डोळे मिटून दाखवलं असतं, आत्ता दाखवलं तसं. तू विचारत नव्हतीस, आर्डी. सांगत होतीस."

ओडेट दोन पावलं मागे सरकली. तिला बिचारीला आजच्या दिवशी उत्सव हवा होता. "म्हणजे ते परत नाही आले?" तिने विचारलं.

"गेलेच नव्हते," मी म्हणाले.

मी तक्ता चुन्याच्या गाडीवर ठेवला. काळटोपे, सतरा. ऐकणारी, ओडेट साबा. खाली शेऱ्यासाठी तीन ओळी असतात. तिथे मी आजवर 'वारा मंद' यापलीकडे काही लिहिलेलं नाही. आज लिहिलं: या विभागातले गेल्या आठ वर्षांचे काळटोप्याचे आकडे पक्ष्यांचे नाहीत, मोजणारीच्या कानांचे आहेत. त्यांवरून काढलेला आलेख रद्द समजावा. खाली माझं पूर्ण नाव. मग ते मी जनेलला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण तिचा चष्मा मोटारीत होता.

"सोमवारी हे वाचणार तू?" तिने विचारलं.

"तोच आलेख भिंतीला लावून वाचणार."

"लोक हसतील."

"हसू देत."

"सगळे संघ काही परत येणार नाहीत. तू म्हणाली होतीस, संघ जमवता येतात. एवढं सोपं नसतं ते."

"माहीत आहे," मी म्हणाले. खरं तर मला आत्ताच माहीत झालं होतं.

तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि सही केली. तक्त्यावर तिचा चुन्याचा अंगठा उमटला. मग गाडीचा दांडा उचलला आणि चौथी रेघ मारायला वळली. बोलणं संपलं असं मी समजले. ओडेट पुलाकडे निघाली. मी कुंपणापाशी, त्या सिकमोरखाली जाऊन उभी राहिले. मान वर केली, कान लावले. पानं हलताना दिसत होती.

जनेल रेघ मारत गेली, टोकाला पोचली, तिथून वळून परत येऊ लागली. माझ्याजवळून जाताना तिने मान वर केली नाही, चाकाकडेच बघत राहिली.

"अजून ओरडतोय," ती म्हणाली.

मी तिथेच उभी राहिले. ती रेघ संपवून परत आली.

"अजून," ती म्हणाली.